शिंदीचा पोंगा

माझ्या लाडक्या प्रेमले, आजीचे मुके.

तुझी लेक सलोमी आता बसते रे! नाक माझंच हाय, तुझी बायको काही म्हणो.

झावळ्यांच्या रविवारी पोरगी पहिल्यांदा चर्चात जाणार, म्हणून मले वाटलं, तिच्या हाती कोवळ्या पातीचा क्रूस द्यावा. नाल्याकाठच्या तुझ्या शिंदीच्या तू खालच्याच झावळ्या तोडायचा. म्हणायचा, "आजी, मधल्या कोवळ्या पोंग्याले हात नाही लावायचा. देवानं झाडाचा जीव तिथंच ठेवला."

तरी मी शेजारच्या उद्धवले म्हटलं, "पोंगाच आण बे."

"काकू, झाड मरन ना!"

"एकानं काय होते?"

त्यानं गाभ्यासगट कापून आणला. क्रूस लई गोड झाला. सलोमीनं भर प्रार्थनेत तो चघळला, पाळकसाहेबही हासले. मी तं हरखूनच गेली.

झाड वाळलं, प्रेम. रोज बादलीभर पाणी टाकून राह्यली. प्रभूजवळ काय मागू? त्यानं ठेवलेला जीव म्याच तोडला.

तू फोनवर पुसतं, "आजी, शिंदी कशी हाय?" मी म्हणते, "मस्त." नाताळले येशील तवा तू पहिले नाल्यावरच जाशील. तोवर हे पत्र क्रूसासंगं बायबलातच राहू दे.

तुले खोटं सांगणारी,
तुझी मार्थाआजी