पीएचडीचं गाईड

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मी सांगायचं, नातीने, जुईने, लिहायचं. लिहिणारीने ऐकायचं नाही, असं ठरलंय. मला अक्षरओळख नाही, म्हणून काय मनात काही नसतं?
जुई इकडे दादऱ्याला एका कारखान्यात इंजिनिअर. तिच्याकडे लक्ष द्यायला मी आमलीच्या या फ्लॅटमध्ये राहते. तिचं म्हणणं उलट आहे. असो.
तिला नॉर्वेत पीएचडी करायचीय. वाऱ्यावरची वीज कमी-जास्त होते, तिला कंट्रोलमध्ये ठेवायचं शास्त्र. फी नाही, वर पगार देतात. निश्चय: मी आड येणार नाही.

६ मार्च
जुई फोनवर कुणाला तरी म्हणाली, सगळं गाईडवर अवलंबून आहे. एवढंच ना. दुपारी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे गेले. पीएचडीचं गाईड दे म्हटलं. तो गुजराती, सगळ्या म्हाताऱ्यांना बा म्हणतो. म्हणाला, बा, बारावीपर्यंतचीच येतात. मग बारावीचं घेतलं, सुरुवात तर होईल.
जुई हसून हसून खाली बसली. गाईड म्हणजे शिकवणारा प्रोफेसर निघाला. माणसाला पुस्तकाचं नाव ठेवलं तर चूक माझी कशी?

१९ मार्च, सकाळी
आज गाईडचा इंटरव्ह्यू, कॉम्प्युटरवर. मी स्वयंपाकघरात गप्प बसणार.

दुपारी
गप्पच होते. गुडघ्यात कळ आली तर माणूस कण्हणारच. घरात कोणी आजारी आहे का, असं गाईडने विचारलं म्हणे. चांगला माणूस दिसतो.

२ एप्रिल
सीट मिळाली. पेढे मीच मागवले. दहा दिवसांत होकार कळवायचाय. गुडघा जास्त. जुईला म्हटलं, तू जा बाई, मी भिंत धरून चालेन. यापेक्षा पाठिंबा कसा देतात?

७ एप्रिल
मुलगा मिलिंद, जुईचा बाप, नाशिकहून फोनवर म्हणाला, आई, तू इकडे ये. त्याचा चौथा मजला, लिफ्ट कायम बंद. इथे लिफ्ट चालू, पण उतरून जायचं कुणाकडे? तरी त्याला म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही नव्हे.

१२ एप्रिल
जुईने नकार कळवला. मी कुठे सांगितलं होतं?
सकाळपासून माझ्याशी फार गोड बोलतेय. ते सहन होत नाही. ती लॅपटॉप उघडत नाही, मी टीव्ही लावत नाही. लिफ्ट वाजली की दोघी दाराकडे बघतो.

१५ एप्रिल
गाईडला पत्र सांगितलं. मी जुईची आजी, आता ठणठणीत आहे, सीट परत द्यावी. जुई म्हणाली, असं नसतं गं आजी. म्हटलं, म्हाताऱ्या बाईला कोण नाही म्हणेल? इंग्रजी करून पाठव.

१८ एप्रिल
उत्तर आलं. दोन ओळी. जुईने वाचून दाखवलं. आपली तब्येत सुधारली, आनंद झाला. सीट दुसऱ्याला दिली.
मी म्हटलं, लिही. गुडघा दुखतच नव्हता.
जुईने लिहिलं. मान वर न करता एवढंच विचारलं, कितव्या तारखेपासून.