पोचवायचं राहिलेलं गाणं

बा, परवाच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. वेळ संपल्याची घंटी वाजली म्हणून काकाला गाणं अर्ध्यावर थांबवावं लागलं, असं मी लिहिलं होतं. आयला आणि पाड्यावर सगळ्यांनाही मी तेच सांगितलंय. घंटी वाजली नव्हती. टेबलावर ती होती, माझ्या वर्गात आहे तशीच पितळेची, आणि तिच्यामागे बसलेला माणूस बशीत चहा ओतत होता. थांबायची खूण काकाला मी केली. दहा मिनिटं दिली होती, माझ्या घड्याळात नऊ झाली होती, आणि आता कधीही घंटी वाजेल, सगळ्यांसमोर वाजेल, या भीतीने मी हात वर केला.

पहिल्यापासून सांगते. जव्हारला वादकांचं संमेलन भरणार, दोन दिवस, असं पत्र काकाच्या नावाने आलं. तू गेल्यापासून थाळी तोच वाजवतो. तुझ्या हयातीत तुझ्यामागे ओळ उचलून झील धरायचा, आता त्याच्यामागे झील धरायला कुणी नाही. पत्र त्याने न उघडताच माझ्याकडे आणून दिलं. "तू मास्तरीण. तूच बघ काय म्हनतात." मी वाचून दाखवलं, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "जेवान हाय का?" आणि मी म्हणाले हो, दोन्ही दिवस.

मला मात्र झोप लागेना. आपल्याला कुणी बोलावलं आहे आणि आपण ते वाया घालवू, असं सारखं वाटत होतं. तू एकदा नाशिकला अशाच मेळाव्याला गेला होतास. मी सहा वर्षांची असेन. तू परत आलास तेव्हा आय चुलीपाशी होती. तिने विचारलं, काय पाहिलंस एवढं? तू कमरेचं फडकं सोडलंस आणि मुठीएवढा मेणाचा गोळा तिच्यापुढे ठेवलास. "ह्ये पाहिलं." डांगातल्या एका थाळीवाल्याकडून तू तो आणला होतास, त्या मेणाने थाळीत रोवलेली काडी उन्हाळ्यातसुद्धा हलत नाही म्हणालास. आय म्हणाली, "दोन दिस गेला आन मेन घेऊन आला. बाजारात काय मेन नव्हतं?" तू हसलास आणि मला मांडीवर घेऊन सांगितलंस, मेळाव्यात आपलं वाजवून काही मिळत नाही, ते तर आपण घरीही वाजवतो, दुसऱ्याच्या जवळ जाऊन बसायचं. संमेलनाला न्यायच्या वहीच्या पहिल्या पानावर मी हेच वाक्य लिहिलं. चुलीतल्या राखेत बोट फिरवून पहिलं अक्षर तू शिकवलंस, काशाच्या थाळीत काडी उभी करून, बोटांना तीच राख लावून ती ओढायलाही तूच शिकवलंस. शाळा मग आली. म्हणून मला वाटलं, हे तरी मी तुझ्यासारखं करीन.

आणि पहिल्या दिवशी केलंसुद्धा. कुणी वाजवत असलं की मी समोर बसले नाही, बाजूला बसले, बोटं दिसतील अशी. पावरीवाल्याला विचारलं की फुंकायचा भोपळा किती दिवस वाळवता, त्याने विचारलं, तुला कशाला, लगीन करतेस का पावरीशी? सगळे हसले. तरी त्याने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. दुपारी जेवायच्या रांगेत मी मुद्दाम एका म्हाताऱ्या तारपेवाल्याच्या मागे उभी राहिले. दिवस संपताना वहीची अकरा पानं भरली होती. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता, बा. ते लिहायला आता लाज वाटते, पण वाटत होता हे खरं.

घोळ त्याआधीच घरी होऊन बसला होता. दहा मिनिटांत काय बसवायचं? काका म्हणाला, कणसरीचं गाऊ, दाण्याचं गाणं कुठूनही तोडता येतं. मला ते नको होतं. दाण्याचं गाणं सगळेच गातील असं वाटलं. मला तुझं गाणं हवं होतं, मेलेल्याला पोचवायचं. त्याच्या पहिल्या भागाला आपण हाक म्हणतो, दुसऱ्याला वाट. हाकेत मेलेल्याला नाव घेऊन बोलवायचं, शेतातून, ओहोळावरून, रानातून, जिथे असेल तिथून. त्याला बसवायचं, पाणी द्यायचं. मग वाटेत एकेक डोंगर, एकेक नदी नाव घेऊन ओलांडायची आणि त्याला वाडवडलांच्या हाती द्यायचं. हाक मला पाठ होती. वाट तू मला शिकवली नाहीस, लेकरांनी ती तोंडात घेऊ नये म्हणालास. म्हणून मी घड्याळ लावून हाक मोजली. पाणी द्यायच्या जागेपर्यंत साडेनऊ मिनिटं झाली. बरोबर बसते, मी म्हणाले.

काका चुलीपाशी उकिडवा बसला होता. आय पाण्याला गेली होती. त्याने विचारलं, "नाव कोनाचं घालू?"

"कुणाचंही घाल. नमुन्यादाखल म्हणायचंय."

"नमुन्याचा मेलेला कुठून आनू मी? हाटात भेटतो का?"

मला हसू आलं. तो मात्र हसला नव्हता, हे मला आता आठवतं. मी जरा विचार केला. जिवंत माणसाचं नाव घालायची सोय नव्हती. दुसऱ्या घरच्या मेलेल्याचं घातलं तर ते घर भांडायला येईल. मी म्हणाले, "बाचं घाल. तो घरचा हाय, रागावायचा नाय." काका बराच वेळ राखेत काडी फिरवत राहिला. मग म्हणाला, "तू शिकलेली. तुला ठाव."

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आमचं नाव पुकारलं. काका मंचावर मांडी घालून बसतो, थाळी पुढे ठेवतो, तुझ्याच मेणाने काडी रोवतो. मी पहिल्या रांगेत, मनगट मांडीवर, काट्यावर डोळे. थाळी घुमू लागते आणि तो तुझं नाव घेतो. बा, त्या दालनात पंखे फिरत होते, मागे कुणी बोलत होतं, व्हिडिओ कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता, आणि त्यात तुझं नाव. एकदा, मग लांबवून दुसऱ्यांदा. ओहोळावरून ये. माळावरून ये. आला असशील तर बस. तिथे मी हात वर केला. पाणी द्यायच्या आधी. काका थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि काडी काढून थाळी पालथी केली. पालथी केलेली थाळी त्या दिवशी पुन्हा सुलटी करायची नाही, हे मला माहीत होतं. शंभरदा पाहिलेलं होतं. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं, वाचलो, वेळेत झालं.

टाळ्या झाल्या. टेबलामागचा माणूस बशी खाली ठेवून उठला आणि माईकवर म्हणाला, "अहो, थांबलात का? पुढचा गट अजून आलेला नाही, गाडी विक्रमगडलाच आहे म्हणे. अर्धा तास आहे आपल्याकडे. होऊ द्या, पुढचं होऊ द्या!"

काकाने मान हलवली. खाली उतरून माझ्या शेजारी बसला. हळूच, जणू बाजारात पिशवी कुठे ठेवली हे विचारावं तसं, त्याने विचारलं, "पोरी, तू त्याला कुठं सोडला?"

मला कळलं नाही. "कुणाला?"

"आनला आपून त्याला. बसवला. पानी नाय दिलं, वाट नाय दाखवली. आता तो कुठं हाय?"

मी अजून ते नीट लिहू शकत नाही. समोर नवीन कुणीतरी ढोल जुळवत होतं आणि मला त्याच्या काठीचा आवाज येत नव्हता, फक्त काठी दिसत होती. मला तो दिवस आठवला, पाड्यांवर लेकरं भुकेने गेली होती त्या वर्षीचा. खूप बाहेरची माणसं जीपमधून येत होती. एकजण टेपरेकॉर्डर घेऊन आपल्या ओट्यावर बसला होता आणि तुला म्हणत होता, ते पोचवायचं गाणं म्हणा, थोडंसं, दोन ओळी. तू विचारलंस, "मेलाय कोन?" तो म्हणाला, कुणी नाही, असंच. तू म्हणालास, "असंच कोनाला बोलवू? आन बोलावला तर पोचवील कोन, तू?" मग तू त्याला दाण्याचं गाणं गाऊन दाखवलंस, अख्खं, आणि तो खूश होऊन गेला. थाळी तेव्हा माझ्या मांडीवर होती. मी आठ वर्षांची होते, पण तिथे होते ना. ऐकलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर मी तुझं वाक्य लिहिलं, ते मेणाच्या दिवशीचं होतं. हे का नाही लिहिलं?

घरी आल्यावर आयने विचारलं, तेव्हा हाक तुझ्या नावाची होती हे सांगितलं, पण थांबायचं कारण घंटी सांगितली. खोटं सांगायचं असं ठरवलं नव्हतं, तोंडातून तेच आलं. आय म्हणाली, "आला असंल तर उपाशी नको ठेवू." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती नाचणीच्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याची वाटी उंबऱ्याच्या आत ठेवते आणि त्या घंटीवाल्याला शिव्या देते. त्याचे हात झडो, त्याच्या बैलाला जू मिळू नये. तो बिचारा चहा पीत होता. त्याने काही केलं नाही, आणि महिनाभर माझ्या घरात त्याला शाप मिळतायत. आज भाकरी ठेवल्यावर मी आयला खरं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग एवढ्या दिसांच्या शिव्या कोनाला लागल्या?" आणि चुलीकडे वळली.

काका आम्ही परत आलो त्याच दिवशी म्हणाला होता, वाट गाऊन टाकू, जिथून पहिल्यांदा पोचवला होता त्या उंबराखालून. पण झील धरायला घरचं माणूस हवं. "हाक तू मारायला लावली. झील तू धरशील." वाट मी त्याच्याकडून शिकते आहे. तू नको म्हणाला होतास ते आता तोंडात घेते आहे, डोंगरामागून डोंगर, आणि प्रत्येक डोंगरापाशी अडते. काकाने आतापर्यंत तीन वेळा दिवस सुचवला. तिन्ही वेळा मी शाळेचं कारण सांगितलं. शाळेचं कारण त्यातल्या एकाच वेळी खरं होतं.

आणखी एक राहिलं, ते लिहून टाकते. तुझं नाव सोयीचं म्हणून मी सुचवलं, असं मी काकाला सांगितलं आणि वर तुलाही तसंच लिहिलं. ते पुरतं खरं नाही. मी पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर तुझं काम घेऊन बसणार होते आणि मला वाटत होतं, तू बघावंस. काकाने दुसऱ्यांदा तुझं नाव लांबवलं तेव्हा मी घड्याळावरून नजर काढली होती आणि मागे वळून दाराकडे पाहिलं होतं. आणि गेला महिनाभर शाळेतून येताना, उंबऱ्याआतली वाटी ओलांडताना, मी पाय सांभाळून टाकते आणि मला बरं वाटतं. म्हणून उशीर केला.

रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. कारणाच्या जागी लिहिलं, वडिलांना पोचवायला जायचे आहे. हेडमास्तरांना माहीत आहे तू कधीचा गेलास ते. तरी खाडाखोड केली नाही. हे पत्रही परवाच्याच पत्राजवळ मेणाच्या डब्यात ठेवते. काकाला आज जाऊन सांगून आले: शनिवारी. होळीच्या आधीचा हा शेवटचा शनिवार, सकाळी, उन्हं चढायच्या आत.