बारकीचा अभ्यास मी हाती घेतो

३ तारीख, सोमवार.
बारकीच्या नव्या शाळेत पालकसभा. मुलगी सहावीत, इमारत नवी, बाई नव्या. बाई म्हणाल्या, सहावीत आली की बरीच मुलं वाचन सोडतात आणि गृहपाठ टाळतात. घरी शांत जागा द्या, आपणही वाचताना दिसा, बाकीचं त्यांचं त्यांना करू द्या. पहिले दोन मुद्दे लिहून घेतले. तिसऱ्याला पेन चालेना. महिनाअखेरीस पुन्हा सभा, तेव्हा काही पालक अनुभव सांगणार. कोण सांगणार म्हटल्यावर मी हात वर केला. भाषणाची सुरुवात बसमध्येच सुचली. अनुभव तेवढा घ्यायचा राहिलाय.

४ तारीख, मंगळवार. सकाळी.
बारकी पलंगावर उताणी पडून, पाय भिंतीला लावून वाचते. पुस्तक कुठलं, तर घोड्यावरून पळून गेलेल्या मुलीचं. वाचताना स्वतःशीच हसते. याला वाचन म्हणत नाहीत, लोळणं म्हणतात. आजपासून सात ते आठ जेवणाच्या टेबलाशी, ताठ बसून. मी समोर. आमच्या हिचं म्हणणं, पोर वाचतेय ना, मग कशाला तिच्या वाटेला जाता. ही दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. मुलांचं मन तिला कुठून कळणार.

६ तारीख, गुरुवार.
स्वतःसाठी संस्कृतींच्या इतिहासाचा जाडजूड खंड आणला. पान तीनपर्यंत मजल. बारकी म्हणते, मी घोरत होतो. मी मनन करत होतो.
तिच्या वाचनात मात्र जातीने लक्ष घातलं. दर पानाला विचारलं: यातून बोध काय? लेखकाला काय सांगायचंय? नवे शब्द कोणते? आधी उत्तरं दिली, मग नुसते खांदे उडवले. पुस्तकच उथळ, पोरीचा काय दोष. घोडेवालं कपाटात टाकलं आणि थोर शास्त्रज्ञांची चरित्रं दिली.

१० तारीख, सोमवार.
अपूर्णांकांचा गृहपाठ परत आला. माझ्या रीतीने केलेली चारपैकी तीन गणितं चूक. शिवाय मी समजावण्यात इतका रंगलो होतो की भाषेचा गृहपाठ राहूनच गेला, त्याचाही लाल शेरा. बाईंनी विचारलं तर बारकीने सरळ सांगितलं, बाबा शिकवत होते. घरातलं बाहेर बोलू नये, हेही आता मलाच शिकवावं लागणार.

१३ तारीख, गुरुवार.
ऑफिसातून आलो तर बारकी गायब. ही म्हणाली, खाली दवाखान्यात गेलीय. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरचा दवाखाना आहे, त्याचा मुलगा तिच्याच वर्गात. खेळत असतील. असू दे, खेळही हवा. सातच्या ठोक्याला वर येऊन टेबलाशी बसली. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

१८ तारीख, मंगळवार.
यश. तीन दिवस झाले, गृहपाठ पूर्ण, गणितं सगळी बरोबर. कधी केलास म्हणून विचारलं तर म्हणाली, झाला. टेबलाचा गुण. भाषणात 'शिस्तीचं पहिलं फळ' हा परिच्छेद घातला.

२१ तारीख, शुक्रवार.
पूर्वी गमतीचं काही वाचलं की धावत यायची. मी दाढी करत असलो तरी पुस्तक माझ्या नाकासमोर धरायची. हल्ली येत नाही. आज मुद्दाम बराच वेळ दाढी केली. आली नाही. वाढीचं वय आहे. हे भाषणात घेऊ नये.

२५ तारीख, मंगळवार.
बारकीने विचारलं, सात ते आठ नुसतं बसलं तर चालेल का, वाचून दमले. चरित्राचं सहावं पान चालू आहे, दमायला काय झालं. खालचं खेळणं बंद करतो म्हणालो. ही म्हणाली, ते बंद करून तर बघा. असा सूर लावला की मी भाषणाला शीर्षक कोणतं द्यावं, यावर चर्चा सुरू केली.

२९ तारीख, शनिवार.
सभा झाली. माझं भाषण उत्तम. बाईंनी दोनदा घड्याळ दाखवलं, पण ओघ आवरेना. नंतर दातांचा डॉक्टर दोन मिनिटं बोलला. म्हणे, मी काहीच केलं नाही. एक मुलगी रोज संध्याकाळी माझ्या दवाखान्यात येते, बाकड्यावर गृहपाठ करते, मग गोष्टीचं पुस्तक वाचत बसते. तिचं बघून आमचा पोरगाही वाचायला लागला. तिच्या घरी म्हणे कुणी वाचूच देत नाही.
हॉलमध्ये हळहळ. मीही हळहळलो. काय एकेक पालक असतात. डॉक्टर सारखा माझ्याकडेच बघत होता, भाषणाचा परिणाम झालेला दिसतो. ही मात्र मान खाली घालून बसली होती. हिला गर्दीत अवघडतं.

१ तारीख, सोमवार.
त्या मुलीचा आदर्श बारकीला दाखवावा म्हणून हाक मारली. ही म्हणाली, ती खालीच आहे, तुम्हीच जाऊन बघा एकदा.
गेलो. आत मशीन घरघरत होतं, कुणीतरी कण्हत होतं. बाकड्याच्या एका टोकाला डॉक्टरचा मुलगा पुस्तकात डोकं घालून. दुसऱ्या टोकाला बारकी, आडवी पसरलेली, हातात घोडेवालं पुस्तक, स्वतःशीच हसत होती. आजूबाजूला दुसरी कुठलीच मुलगी नव्हती. तरी मी एकदा नीट पाहून घेतलं.
विचारलं, एवढ्या आवाजात कसं गं वाचवतं तुला? मान वर न करता म्हणाली, मशीन मध्येच प्रश्न विचारत नाही.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तोंडात आणखी दोन-तीन प्रश्न होते, ते गिळले. काउंटरवरच्या बाईंनी माझा चेहरा बघून विचारलं, खूप दुखतंय का? हो म्हणालो. कोणता दात, ते काही सांगता येईना. त्या म्हणाल्या, नंबर लागेपर्यंत बसा तिकडे, फक्त बोलू नका, मुलं वाचताहेत.