माळावरची खुर्ची

४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझी हरवलेली पिशवी सापडली. बाबांच्या रेघांच्या शर्टाची मी शिवलेली, कॉलरचं बटण मुद्दाम तसंच ठेवलेली. ती तुमच्या शहराच्या ट्रकमधून आमच्या माळावर आली. आत चहाचा चोथा, भाज्यांची सालं आणि जावईबापूंची दाढीची पाती होती. आधी ओळखलीच नाही, मग बटण दिसलं. धुऊन दोरीवर टाकली तेव्हा हे जेवता जेवता थांबले. त्यांना वाटलं बाबाच आलेत.

तुला मागे कळवलं होतं, शहराचा कचरा महिनाभर माळावर टाकणार म्हणून. महिना कधीच सरला. आता तो डेपो कायमचा करायचं चाललंय, जानेवारीत सुनावणी आहे. मी रोपांना पाणी घालून झालं की गाडीवाटेच्या मधोमध खुर्ची टाकून बसते. ट्रकवाले हॉर्न वाजवतात, मग माळाच्या अलीकडच्या कडेलाच ओतून जातात. हे म्हणतात, या वयात शोभतं का. मी म्हटलं, या वयातच वेळ मिळाला.

तब्येतीला जप. लोभ आहेच, राग आला तर तोही पत्राने पाठव.

तुझी,
ताई


१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग पाठवते आहे, जपून उघड.

पिशवी मी टाकली नाही. ह्यांनी घाईघाईत कचऱ्यासकट खाली नेऊन दिली. त्यावरून घरात एक भांडण होऊन गेलं, आता तू दुसरं काढलंस. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, संध्याकाळी येऊन तुझं पत्र वाचायचं, की माझी सालं तुझ्या माळावर आली. चाळीस बिऱ्हाडांची इमारत आहे आमची. कचरा काय गादीखाली ठेवू? तो कुठेतरी जाणारच. आणि माळ तर पडीकच आहे, पेपरात तसंच छापून आलंय. पडीक जमिनीसाठी खुर्ची टाकून बसणारी तू पहिलीच.

इकडे आमचं मागचं अंगण सिमेंटचं करून गाड्या लावायचं ठरतंय. चेअरमन म्हणजे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, त्यांनी नकाशाही काढून आणला. ह्यांनी नवी गाडी घेतल्यापासून हे त्यांच्याच बाजूने आहेत. जागा तशी मोकळीच पडली होती.

पिशवी परत पाठव. दाजींना नमस्कार.

तुझीच, पण फुरंगटलेली,
भिंगरी


२० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद दिला, कारण तो द्यावाच लागतो. आता ऐक.

तू लिहिलंस, कचरा कुठेतरी जाणारच. तो कुठेतरी जात नाही, माझ्या विहिरीच्या डोक्यावर येतो. पावसाचं पाणी माळात मुरतं आणि खाली विहिरीला लागतं. त्या विहिरीवर माझी रोपं जगतात आणि रोपांवर आम्ही. यंदा पाण्याला वास येतो आहे आणि रोपांची पानं कडेने करपायला लागली आहेत. ज्याला तुम्ही पडीक म्हणता तो माळ आमच्या आजोबांच्या आधीपासून मुद्दाम मोकळा ठेवलाय. शेळ्या चरतात, पाणी मुरतं. नांगर लागला नाही म्हणजे जमीन रिकामटेकडी असते, हे त्या कचेरीतल्या साहेबाने म्हणावं. तू म्हणू नयेस.

तुमचं अंगण मोकळं पडलंय म्हणे. पडू दे की. तिथे खड्डा खणून तुमची सालं तिथेच जिरवलीत तर निम्मे ट्रक रिकामे होतील. पण जावईबापूंच्या गाडीला रस्त्यावर उभं राहावं लागेल ना.

लहानपणी तू रुसून सतरंजीवर बसलीस की उठवायला दोन माणसं लागायची. ती मुलगी कुठे गेली?

पिशवी देणार नाही. ती ओलीस आहे. शेवटचा ट्रक गेला की घेऊन जा.

जीव आहे म्हणून बोलते,
ताई


१८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आठवडाभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग एका सकाळी कचऱ्याच्या ट्रकवाल्याला विचारलं, गाडी नेमकी कुठे जाते. तो म्हणाला, एका माळावर, पण तिथे एक खुर्चीवाली बाई आहे, हॉर्नला दाद देत नाही. मी त्याला म्हटलं, ती माझी बहीण. ताई, मला इतका अभिमान वाटला की दुकानात दिवसभर चुकीच्या खोक्यात चष्मे ठेवत होते.

त्याच आठवड्यात सिमेंटची गाडी दारात आली. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली, अंगणाच्या मध्ये ठेवली आणि बसले. डॉक्टर समजावून थकले. हे शरमेने वर निघून गेले. तासाभराने खाली आले ते माझी शाल घेऊन, आणि नवी गाडी रस्त्याच्या कडेला लावून आले. मग पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बँडमास्तरांनी आपलं स्टूल आणलं. दुपारी सिमेंटवाला कंटाळून निघून गेला.

आता अर्ध्या अंगणात खड्डे आहेत. ओला कचरा तिथेच जिरतो. डॉक्टर नाकाला रुमाल लावून जातात, पण त्यांची बायको गुपचूप सालं आणून टाकते. आमचा ओला कचरा आम्ही इथेच जिरवतो, माळावर डेपो नको, असं निम्म्या बिऱ्हाडांच्या सह्यांचं निवेदन सुनावणीसाठी टपालाने धाडलंय. रजा नाही, नाहीतर स्वतः आले असते.

आता तरी पिशवी सोड.

उठायला दोन माणसं लागणारी,
भिंगरी


२२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सुनावणी झाली. तुमचं निवेदन साहेबांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, कौतुक आहे, पण एका इमारतीने शहराला काय फरक पडतो. डेपो कायम झाला. एक तारखेपासून माळाभोवती भिंत घालायला घेणार आहेत. बाहेर येऊन मी पायरीवर बसून रडले. तुला खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर खुर्ची जागेवर नाही. हे ती खांद्यावर घेऊन माळाकडे निघाले होते. शोभतं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, मला विचारू नकोस. गावातली आणखी माणसं आली. मी यंदाची विकायची सगळी रोपं काढली आणि आम्ही ती आखलेल्या भिंतीच्या जागी ओळीने लावली. भिंत घालायची तर आता माझी रोपं उपटावी लागतील, आणि मी तिथेच बसलेली असेन.

साहेबांना म्हणावं, एका इमारतीने फरक पडत नसेल तर शेजारचीही करून दाखवतो. तू लाग त्या कामाला. जावईबापूंना माझा खास आशीर्वाद, शालीबद्दल.

लोभ धरून बसलेली,
ताई

ता. क. पिशवी पाठवत नाही. एक तारखेला रजा काढ आणि स्वतः येऊन घे. येताना तुझी खुर्ची आण. माझ्याकडे एकच आहे, आणि मी उठणार नाही.