तरतूद : एक

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. इतिहास घडताना कुणीतरी लिहून ठेवायला हवं. दादाला डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा बसने तीन तास जावं लागतं, तीन तास परत. आपल्या सरकारी रुग्णालयात मशीनच नाही. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, रिटायर झालात, तुम्हीच सोबत जात जा. रुग्णाच्या बसपासवर सोबत्याच्या चौकटीत माझा फोटोही चिकटवला. पण फांद्या छाटून काय होणार? मुळावर घाव हवा. राज्याच्या बजेटमध्ये मशीन आणणार. मार्चपर्यंत.

९ जानेवारी
निवेदन तयार. अकरा पानं. बायको म्हणते, एक पुरे. तिला धोरण कळत नाही. दादा आज एकटाच गेला.

२७ जानेवारी
नागरिक कृती समिती स्थापन. अध्यक्ष मी. सदस्य सायकलवाला आणि न्हावी. सह्या चार. त्यातली एक बायकोची, दबावाखाली.

११ फेब्रुवारी
आमदारांची भेट. बाकावर साडेतीन तास, आत दीड मिनिट. म्हणाले, बघू. 'बघू' म्हणजे नव्वद टक्के झालंच! त्यांचा पीए म्हणाला, खात्यांच्या मागण्या नोव्हेंबरातच गेल्या, आता काय आणलंत? हसून सोडून दिलं. नियम सामान्यांसाठी असतात.
दादा फिकट दिसतो. बसमध्ये चक्कर येते म्हणाला. धीर दिला. दोनच महिने.

१३ मार्च, दुपार
सापडलं! बजेटच्या जाडजूड पुस्तकात, पान ६१२. आमचं रुग्णालय, डायलिसिस यंत्र, तरतूद : १. एक यंत्र! गल्लीभर मिठाई वाटली. न्हाव्याने फुकट दाढी केली. दादाने माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

१७ मार्च
आरोग्य खात्यात आभार मानायला गेलो. हिशेबाच्या बाईंनी चष्मा वर केला. म्हणाल्या, काका, हे यंत्र नव्हे, रुपये. पानाच्या डोक्यावर बघा, आकडे हजारांत. एक म्हणजे एक हजार. मागणीचं नाव जिवंत राहावं म्हणून टोकन. मी विचारलं, हजारात काय येतं? म्हणाल्या, पुढच्या वर्षीची आशा.
घरी सांगितलं, पहिला हप्ता मंजूर.

५ एप्रिल
दादाने विचारलं, सोमवारी येतोस का? तोल जातो रे. सोमवारी समितीची बैठक. पुढच्या सोमवारी नक्की.

१२ एप्रिल
पुरवणी मागणीसाठी नवं निवेदन. चौदा पानं. सोमवार हुकला. पुढचा नक्की.

१९ एप्रिल
दादा गेला. परतीच्या बसमध्ये. कंडक्टरला वाटलं, झोप लागलीय. शेवटच्या थांब्यावर उठवायला गेला तेव्हा कळलं. शेजारच्या सीटवर पिशवी होती. कंडक्टर म्हणाला, नेहमीच ठेवायचे, भाऊ येणार आहे म्हणायचे.

२ जून
खात्याचं पत्र. मागणीचा फेरविचार होणार. रुग्णांची यादी सात दिवसांत पाठवा, अन्यथा नाव वगळण्यात येईल. अकरा पानांत मी 'शेकडो गरजू रुग्ण' असं लिहिलं होतं. माहीत एकच होता. सायकलवाल्याने विचारलं, मग यादीत कुणाला घालायचं?
संध्याकाळी वहिनींनी पास आणून दिला. मागे फेऱ्यांच्या शिक्क्यांचे दोन रकाने, रुग्ण आणि सोबती. दादाच्या रकान्यात जागा उरलेली नाही, शिक्क्यावर शिक्के. माझ्या रकान्यात एकही नाही.