मामा, तुमच्या नंबरवर अजून ओटीपी येत होते

प्रिय मामा,

'प्रिय' लिहिलंय ते रिवाज म्हणून. जास्त अर्थ काढू नका.

आज सकाळी तुमचा मोबाईल कायमचा बंद केला. तुम्हाला सांगणं भाग होतं, म्हणून हे पत्र. तुम्ही मार्चमध्ये गेलात, आता मे सरत आला. एवढे दिवस तुमचा फोन माझ्या खिशात होता. रोज चार्ज करायचो, रिचार्ज संपला की मारायचो. तुमची माती झाली आणि नंबर मात्र तुमच्यापेक्षा तंदुरुस्त!

एक गोष्ट ऐकून घ्या. या दिवसांत तुमची आठवण काढायला त्या नंबरवर एकही फोन आला नाही. एकही नाही, मामा. आले ते सगळे ओटीपी.

येणारच की. पद्धतच तुमची तशी होती. चाकूरच्या बाजारातल्या ज्याचं ज्याचं इन्कम टॅक्सचं नाहीतर व्हॅटचं खातं तुम्ही उघडलंत, त्यात मोबाईल नंबर टाकलात तो स्वतःचा. पासवर्डही तुमच्या डोक्यात. दुकानदारानं विचारलं की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचात, "तुला काय कळतंय त्यातलं? मी हाय ना." आणि तो बिचारा खूश होऊन जायचा. पुढं त्याला दुसरीकडं जावं वाटलं तर? दुसरा करसल्लागार खातं उघडायला बसणार, ओटीपी येणार तुमच्या खिशात, आणि तुम्ही म्हणणार, "मी आता बाहेरगावी हाय." खुर्चीत बसून म्हणायचात! समोर मी असायचो.

लोक तुम्हाला सोडून जात नव्हते याचा तुम्हाला केवढा गर्व! जाणार कसे? दावं तुमच्या हातात होतं.

तुमच्या जलदान विधीचं सांगतो. टँकर दोन पाळ्या चुकला होता. पाहुण्यांच्या जेवणाला पाणी शेजारच्या लेआऊटमधून ड्रमनं आणलं. भंतेजींच्या पुढच्या पेल्यातलं पाणी उरलं, तेही मामीनं पुन्हा घागरीत ओतून ठेवलं. तुमच्या नावानं पाणी सोडायचं, तेसुद्धा उधळायची सोय नव्हती. अशा दुष्काळाच्या वर्षात मरायचं कुणी सांगितलं होतं?

आणि तुमची गिऱ्हाइकं! फोटोला फूल वाहून झालं की एकेक जण मला कोपऱ्यात घ्यायचा. "मिलिंद, आमची फाईल कुठवर आली?" सिमेंटवाला तर सरळ म्हणाला, "साहेबानं मार्चएन्ड होईपर्यंत तरी थांबायचं की." मी त्याची गचांडी धरणार तेवढ्यात तुमच्या सुजातानं माझी बाही धरली. नुसती बाही. त्या बाहीवर मी आठवडा काढला. हसा, हसा. तुम्ही हसणारच.

आम्ही दोघं नांदेडच्या कॉलेजात होतो तेव्हा बाकावर तिचं नाव कोरणाऱ्याला मी हाणलं. प्राचार्य म्हणाले माफी माग, मी म्हणालो नाही मागत, आणि बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून तुमच्याकडं आलो. आजही तो भेटला तर आजही हाणीन. सुजाता तेव्हा म्हणाली होती, "माझ्यासाठी न्हाई मारलंस तू. तुझ्यासाठी मारलंस." तीन वर्षं मी तुमच्या हापिसात रिटर्न भरत बसलो. आमच्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, हे सगळं गाव म्हणतं. आईनं नायगावहून येऊन शब्द टाकला तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांनी भरलेल्या हापिसात काय म्हणालात? विसरलात? मी नाही विसरलो.

"बारावी पास माणसाच्या हातात मी मोठी फाईल देत न्हाई, ताई. पोरगी कुठून देऊ?"

लोक हसले. रांगेत बसलेले बशीरभाई तेवढे हसले नाहीत.

तर आता मूळ गोष्ट. तुम्ही गेल्यावर थोड्या दिवसांनी एका कंपनीचा माणूस आला. त्या उन्हात गळ्यात टाय! देशभर आमची रिटर्न भरायची सेंटरं आहेत म्हणाला. पाटी आमची, सॉफ्टवेअर आमचं, एसी, टोकन, कामाच्या पोरांना गणवेश. तुम्ही फ्रँचायझी घ्यायची आणि बसायचं. कुठं? तर उदगीरला. लातूरचे दोन तुकडे होणार, उदगीर नवा जिल्हा होणार, ही हवा तुमच्याच काळात सुटली होती ना? तो म्हणाला, जिल्हा झाला की कलेक्टर कचेरी येईल, ट्रेझरी येईल, शेकडो पगारदार येतील, आणि सगळ्यांना रिटर्न भरायचंच आहे. आधी बसेल त्याची जागा.

फी ऐकून मामीनं पदर तोंडाला लावला. मग टायवाल्यानं खुर्ची जवळ घेतली. म्हणाला, साहेबांचा मोबाईल चालू आहे असं कळलं. तो नंबर आणि त्यावरची सगळी खाती आमच्याकडं लावून दिलीत तर फी जवळजवळ माफ.

बघितलंत? एवढ्या वर्षांचं हापीस, तुमची पाटी, त्यावरचं बी.कॉम., डी.टी.एल. त्याला काही नको होतं. त्याला सिमकार्ड हवं होतं.

तो गेल्यावर मामी म्हणाली, "घेऊन टाक, बाबा. सेंटरला पदवी लागती तर सुजाताची लाव. कागद तिच्या नावावर, काम तुझ्या हातात. सेंटर उघडलं की लगीन लावून देते."

मामा, माझ्या कानात नगारे वाजले. काय तोलायचं राहिलं होतं त्यात? तरी मी तोललं हां. तुमच्या हाताखाली शिकलोय. एका बाजूला पाटी, एसी, नवा जिल्हा आणि सुजाता. दुसऱ्या बाजूला काय? प्रत्येक रिटर्नमागं कंपनीचा वाटा. स्वतःचं नाव लावायचं नाही. गिऱ्हाइकावर ओरडायचं नाही, तर हसून 'आपलं स्वागत आहे' म्हणायचं. चाकुरात कोण ऐकून घेईल हे? तुमच्या शिव्या खायला यायची माणसं. पण मी म्हणालो, सुजातासाठी मी दगडालाही 'स्वागत आहे' म्हणीन. उदगीरला जागा बघून आलो. खाली बोअर कोरडा, मालक म्हणाला जिल्हा झाला की पाणी पण येईल. मी मान डोलावली. प्रेमात माणूस बैलासारखा मान डोलावतो, ही तुमचीच म्हण.

सही करायच्या आदल्या दिवशी बशीरभाई आले. शिलाई मशीनवाले, तुमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. पाणी दिलं तर अर्धा ग्लास पिऊन बाकीचं तसंच ठेवलं. मग म्हणाले, "मिलिंदभाऊ, एक अर्ज हाय. माझ्या खात्याला माझा नंबर लावून देतो का? तुझ्या मामाला लई वेळा म्हणलो. प्रत्येक वेळी म्हणायचे, पुढच्या वर्षी."

मी विचारलं, आताच का?

तेव्हा त्यांनी सांगितलं. पोराच्या नोकरीचं बघायला लातूरला गेले होते, तिथल्या सीएला भेटले, त्याच्याकडं काम देऊ असं ठरवलं. ही गोष्ट तुमच्या कानावर आली. त्यानंतर त्यांना आलेली इन्कम टॅक्सची नोटीस तुमच्या फोनवर येऊन पडली आणि तुम्ही ती त्यांना सांगितलीच नाही. मुदत गेली, दंड बसला, बँकेनं कर्ज नाकारलं. आणि दंड भरताना तुम्हीच त्यांना झापलंत, "लातूरवाल्याला विचार की!"

"तुला ठाऊक नव्हतं?" त्यांनी विचारलं.

नव्हतं. पण ऐकून नवलही वाटलं नाही. हे जास्त वाईट ना, मामा? तुम्ही असं कराल हे मला लगेच पटलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट ऐकल्यावर भाच्यानं भांडायला पाहिजे. मी तर कुणाशीही भांडतो. तुमच्यासाठी भांडायला मला शब्द सापडला नाही.

बशीरभाईंना उद्या या म्हणालो आणि घरी आलो. सुजाता ओसरीवर कंपनीचा करारनामा वाचत बसली होती. तुमच्यासारखीच, चष्मा कपाळावर. मी तिला बशीरभाईंचं सांगितलं. मला वाटलं, रडेल. बाप होता तिचा.

ती पानं उलटत राहिली. मग एका जागी बोट ठेवून म्हणाली, "हे वाच. सेंटर सोडलं तर दोन वर्षं या भागात हाच धंदा करायचा न्हाई. गिऱ्हाईक कंपनीचं. नंबर कंपनीचा. आपण जायचं म्हणलं तरी जाता येत न्हाई."

मी म्हणालो, मग?

"मग काय. ही कंपनी म्हणजे आपले बाबाच हायत. टाय घातलेले."

मामी आतून ओरडली, "बापाला असं बोलतीस?" सुजाता म्हणाली, "आई, लग्नाचं बोल. माझी पदवी लावून, बाबांचा नंबर विकून, नसलेल्या जिल्ह्यात तू मला याच्या गळ्यात बांधायला निघालीस. मला विचारलंस का एकदा?"

खरं सांगतो, मीही विचारलं नव्हतं. अख्खं चाकूर माझ्या प्रेमाची चेष्टा करतं, आणि जिच्यावर प्रेम केलं तिला विचारायचं तेवढं राहून गेलं! मी तिथंच विचारलं. मामीसमोर, भर ओसरीवर.

तिनं चष्मा खाली घेतला. "आधी लोकांचे नंबर लोकांना दे. मग बघू."

तर दिले, मामा. टायवाल्याला सांगितलं नंबर विकायला नाही. तो म्हणाला मग पूर्ण फी. मी म्हणालो मग पूर्ण दरवाजा. तो गेला.

आम्ही दोघं तुमच्या हापिसात बसलो आणि एकेकाला बोलावलं. पहिले बशीरभाई. तुमच्या फोनवर आकडा आला, मी वाचला, सुजातानं टाकला. मग त्यांच्या फोनवर आकडा आला. त्यांनी फोन लांब धरून पाहिला, पुन्हा जवळ घेतला.

"हा माझा?"

"हाव, तुमचा."

"म्हणजे आता मी कुठंबी जाऊ शकतो?"

"हाव."

"मग जातो," म्हणाले. हात जोडले आणि गेले. लातूरच्या सीएकडं. दुसऱ्याच दिवशी!

अर्ध्याहून जास्त लोक असेच गेले. सिमेंटवाला जाताना पंख्याकडं बघून म्हणाला, उदगीरच्या सेंटरात एसी हाय. हो, ते सेंटर उघडलं. नायगावच्या कुणा अकाउंटंटनं पूर्ण फी भरून घेतलं. रोज गणवेश घालून बसतो. जिल्हा अजून झाला नाही, बोअरला पाणी अजून नाही, आणि करारनाम्यात तो अडकलाय. मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. बरं वाटलं. तुमचं रक्त आहेच, वर तुमचं मीठ खाल्लंय.

आज सकाळी शेवटचं खातं सुटलं. फोन बंद करायच्या आधी सुजाता म्हणाली, बाबांनी कुणाकुणाची नावं ठेवलीत बघू. मामी 'घर' म्हणून होती. सुजाता 'साहेब' म्हणून. पोरीला साहेब म्हणायचात, आणि तोंडानं तिला कधी एक गोड शब्द बोलला नाहीत? तिनं ते वाचलं आणि खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले. तुमच्यासाठी ती रडली ती तेवढीच. तेही मी पाहिलं म्हणून तुम्हाला कळतंय.

मग तिनं माझा नंबर शोधला. माझं नाव तुम्ही काय ठेवलं होतं, आठवतं? 'बारावी'.

ती हसली. एवढी हसली की मामी बाहेर आली. मग तिनं स्वतःचा फोन काढून माझं नाव पुसलं आणि तिथं तेच लिहिलं.

"पदवी आण," म्हणाली, "मग बदलीन. लग्नाचं तेव्हा विचार. हो म्हणीनच असं न्हाई." ती पुढच्या महिन्यात लातूरला चालली, सीएची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करायला. बशीरभाई ज्याच्याकडं गेले, त्याच्याकडंच!

म्हणून तुम्हाला शब्द देतो, आणि तुम्हाला दिलाय म्हणजे मोडायला लाज वाटेल. नांदेडचा बहिःस्थ परीक्षेचा अर्ज आणलाय. त्याच कॉलेजात, त्याच बाकावर बसून पेपर लिहीन. तुमची पाटी उतरवणार नाही. तिच्याखाली माझं नाव येईल, पदवीसकट, तुमच्यापेक्षा अंगुळभर मोठ्या अक्षरात. जे थोडे लोक राहिलेत त्यांच्यावर तुमच्यासारखाच ओरडेन. फक्त त्यांना माझा नंबर देईन तो फोन करायला. आणि मी मरेन तेव्हा तो फोन कुणीतरी, निदान शिव्या द्यायला तरी, करेल असं जगेन.

तुमचाच भाचा,
मिलिंद
(सध्या बारावी)