लक्ष्मीपूजनाचा शुक्रवार

नागपूर, ऑक्टोबर १९८३

तीर्थस्वरूप आईला लता दुरूनच पाया पडते.

मी बरी आहे. नर्सिंगच्या होस्टेलचं जेवण आता मानवते. तुझे गुडघे कसे आहेत? सौंसरात संत्री उतरली काय?

आई, पहाटे ड्यूटीच्या आधी मी येशूची प्रार्थना करून राहिली. शुक्रवारी उपासही धरते. त्यात साबुदाणा नाही, भगर नाही, सांजपर्यंत नुसतं पाणी. येशूनं सांगितलं तसं डोक्याला तेल लावून हसत राहायचं, उपास कोणाला कळू द्यायचा नाही. पहिल्याच शुक्रवारी मी सवयीनं शेंगदाण्याचा लाडू खाऊन बसली! वळण तुझंच ना.

यंदा लक्ष्मीपूजन शुक्रवारी येतं हे कॅलेंडरात पाहिलं, तेव्हापासून मनात धडकी भरली आहे. तू अनारसा पुढं करशील. नाही म्हटलं तर बाबूजी विचारतील, "कोण्या देवाचा उपास?" मले खोटं बोलता येणार नाही.

त्यांच्यासमोर तू काही विचारजो नको. चुलीपाशी एकटीनं विचारजो, मी सारं सांगीन.

पण त्यानंतर माझं ताट तुझ्या शेजारीच वाढशील, की वेगळं? तेवढं लिहून कळव. मगच मी सौंसरची बस धरीन.

तुझीच,
लता